उंबऱ्याच्या आत : अक्काची बादली

आम्ही वैद्य नव्हे. सरकारी शाळेतील मुख्याध्यापकाची खुर्ची आणि मराठी वाङ्मयाची पदवी, एवढ्या भांडवलावर हाडांविषयी लिहावे की लिहू नये, या विचारात हा लेख महिनाभर मेजावर पडून होता. परंतु ज्या चुकीमुळे तो लिहावासा वाटला ती चूक वैद्यकशास्त्राची नसून घरातली आहे आणि ती आमची स्वतःची आहे. वाचकांच्या घरांतूनही ती रोज घडत असावी, अशी आमची दाट शंका आहे. म्हणून अखेर लेखणी उचलली.

आमची थोरली बहीण अक्का आमच्याहून अकरा वर्षांनी मोठी. यजमान गेल्यापासून ती येथे बडोद्यात, दांडिया बाजाराच्या एका गल्लीतील जुन्या वाड्यात एकटीच राहते. चिरंजीव पुण्यास नोकरीला. वाड्याचे स्वयंपाकघर खाली, देवघर माडीवर, आणि दोहोंच्या मध्ये चौदा पायऱ्यांचा उभा लाकडी जिना. कठड्याच्या जागी लोंबता दोर. हा जिना वाचकांनी ध्यानात ठेवावा.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अक्का ओट्यावरच्या ओल्या फरशीवर घसरली. पडता पडता हात टेकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. उभ्या उंचीवरून पडल्याने हाड मोडावे, ही गोष्ट डॉक्टरांना साधी वाटली नाही. त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करविली. कमरेच्या मणक्यांचा आकडा उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेले की हाडे ठिसूळ झाली असे वैद्यक मानते. अक्काने कागद हातात घेऊन आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "अरे, सहा वर्षे गोळ्या खाल्ल्या, त्या गेल्या कुठे?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्या गोळ्या आम्हीच आणून देत होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅल्शियमची डबी तिच्या फडताळात ठेवायची आणि भावाचे कर्तव्य पार पडले म्हणून निश्चिंत व्हायचे, असा आमचा क्रम होता. त्याच सहा वर्षांत आम्ही आणखीही बरेच काही केले होते. अक्का नळाखालची बादली भरून मोरीत नेत असे. "आता या वयात तू उचलू नकोस" म्हणून आम्ही मोरीतच नळ घेतला. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला. तांदळाचा डबा खालच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आला. जमिनीवरची पंगत जाऊन टेबल आले, पाटाऐवजी हातांची खुर्ची आली. भाजीची पिशवी दुकानदाराचा पोऱ्या घरपोच आणू लागला. जिन्याच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून पूजेचे पाणी आणि फुले सकाळीच एकदम वर ठेवण्याची व्यवस्था झाली. यातील एकही गोष्ट आम्ही निष्काळजीपणाने केली नाही. प्रत्येक गोष्ट प्रेमाने केली. आणि प्रत्येक गोष्टीने अक्काच्या हाडांवरचा आणि स्नायूंवरचा थोडा थोडा भार काढून घेतला.

तो भार म्हणजेच त्यांचे अन्न होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

हाड हे भिंतीतल्या तुळईसारखे निर्जीव आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते जन्मभर मोडले आणि बांधले जात असते. एक प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे घालतात. साधारण तिशीपर्यंत जमेची बाजू वरचढ असते, पुढे हळूहळू खर्च वाढतो. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते आणि पुढची काही वर्षे हा खर्च एकदम बेसुमार होतो. नवे हाड कोठे घालायचे याचा हुकूम मात्र बराचसा भारावरून सुटतो. ज्या दिशेने वजन पडते, स्नायू ताणतो, त्या दिशेने हाड स्वतःला बळकट करते, हा नियम यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली मांडला. याचा उलटा पुरावा अंतराळवीरांनी दिला. तेथे शरीराला वजनच नसते. त्यामुळे धडधाकट तरुण माणसाच्या कमरेचे व मांडीचे हाड महिन्याला सुमारे एक टक्का या गतीने झिजते. आमच्या अक्काला आम्ही दांडिया बाजारात बसल्या जागी अंतराळात पाठविले होते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता गोळीचा विचार करू. कॅल्शियम म्हणजे विटा आणि भार म्हणजे गवंडी, अशी उपमा आम्ही शाळेत देतो. विटांचे ढीग दारात पडले आणि गवंडी फिरकलाच नाही तर भिंत उभी राहत नाही. गवंडी आला आणि विटाच नसल्या तरी तीच गत. दोन्ही लागतात, पण दोहोंचे वजन सारखे नाही, हे दाखविणारा एक प्रयोग आम्हांला फार बोलका वाटला. अमेरिकेत बॉस्टन येथे डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी १९९४ साली तो प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातील शंभर अशक्त माणसे निवडली. सरासरी वय ८७, त्यांत ६३ स्त्रिया. त्यांचे चार गट केले. एकाला पायांच्या स्नायूंचा, वजन वाढवीत नेण्याचा व्यायाम, दुसऱ्याला जीवनसत्त्वे व खनिजे घातलेले पोषक पेय, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची शक्ती वाढली. नुसते पेय पिणारांना ताकदीच्या बाबतीत काहीही मिळाले नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी! आमच्याकडे साठी उलटली की बाईच्या हातात जपमाळ आणि गोळ्यांचा डबा देऊन आपण मोकळे होतो.

हाडांविषयीही असेच. बॉस्टनच्याच टफ्ट्स विद्यापीठात मिरियम नेल्सन यांनी पन्नास ते सत्तर वयाच्या ३९ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला. तोही १९९४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनच दिवस वजनांचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची कमरेची व खुब्याची हाडे सुमारे एक टक्का भरली. न करणाऱ्यांची दोन टक्क्यांच्या आसपास घटली. पुढे ऑस्ट्रेलियात, जिची हाडे आधीच विरळ झाली आहेत अशा अठ्ठावन्न वर्षांवरील १०१ स्त्रियांवर प्रयोग झाला. देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चांगली जड वजने. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. आकडे लहान दिसतात. पण जेथे दर वर्षी उतरणच लागलेली आहे तेथे चढणीचा एक टक्काही केवढा, हे पेन्शनवर घर चालविणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

वाचकहो, हे सारे आम्ही नंतर वाचले. त्या वेळी आमची मनःस्थिती निराळीच होती. अक्काचे चिरंजीव पुण्याहून आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की आईने आता एकटे राहणे धोक्याचे आहे. वाडा बंद करावा आणि पुण्याला लिफ्ट असलेल्या सदनिकेत यावे. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. मनगट मोडले ते भरून येईल. पण पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडले तर? या वयात खुब्याचे हाड मोडलेली किती माणसे पुन्हा आपल्या पायांनी बाजारात जातात, हे प्रत्येक गल्लीला ठाऊक असते. अक्का काही बोलली नाही. ती माडीवर देवघरात गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. छत्तीस वर्षे या वाड्यात तिने गणपती बसविला आहे.

मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठविले. मुलगी गुजराती, वय पंचवीस-सव्वीस, आवाज आमच्या शाळेतील ड्रिल मास्तरांना लाजवील असा. तिने मनगटाकडे नंतर पाहिले. आधी अक्काला एका साध्या खुर्चीवर बसविले, हात छातीवर दुमडायला लावले आणि म्हणाली, "बा, हाथ वगर ऊभां थाव." अर्ध्या मिनिटात हात न टेकता किती वेळा उठता येते, ती ही परीक्षा. पासष्ट ते एकोणसत्तर वर्षांच्या स्त्रीला निदान अकरा वेळा तरी जमले पाहिजे. अक्काला एकदाही जमले नाही. जन्मभर इतरांना गुण देण्यात गेलेल्या आमच्यासारख्याला बहिणीच्या नावासमोर शून्य पाहताना काय वाटले, ते लिहीत नाही.

"पण मी रोज कमाटीबागेत फिरायला जाते!" अक्का म्हणाली. फिरणे हृदयाला उत्तम, मनाला उत्तम, ते सोडू नका. पण हाडाला आणि मांडीच्या स्नायूला चालण्याची सवय लहानपणापासून आहे, त्यात त्यांना नवे आव्हान वाटत नाही, असे त्या मुलीने समजाविले. चाळिशीनंतर स्नायूही झिजू लागतात, आणि ही झीज इतकी सार्वत्रिक असूनही तिला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८९ साली. माणूस पडतो तो हाड ठिसूळ आहे म्हणून नव्हे. तोल गेल्यावर सावरण्याची ताकद पायांत नसते म्हणून पडतो. ठिसूळ हाड त्यानंतर मोडते.

वजने उचलण्याचे नाव काढताच अक्का बिथरली. "या वयात मला पहिलवान व्हायचंय का? लोक काय म्हणतील?" यावर आम्हांला हसूही आले आणि खेदही वाटला. हे बडोदे आहे. येथे प्रोफेसर माणिकरावांनी आपले वस्ताद जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. येथेच दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश सिद्ध झाला. आणि त्याच गावातील मराठी घरात साठीच्या बाईने दोन किलो उचलायचे म्हटले की लाज! ज्या बायका मंगळागौरीला रात्रभर फुगड्या आणि झिम्मा घालीत, पाण्याचे हंडे आणीत, त्यांच्या लेकीसुनांची ही कथा. मात्र पूर्वीच्या बायका जात्यावर दळत म्हणून ठणठणीत असत, हे जे मोठ्या हौसेने सांगितले जाते, त्यावर आमचा तितकासा विश्वास नाही. आमच्या आजीने जन्मभर दळण-कांडण केले आणि ती साठीत कमरेत वाकली. आठ बाळंतपणे, सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवण आणि आठवड्यात दोन उपास. गवंडी राबत होता, विटा मात्र घरातली इतर माणसे खाऊन गेली होती.

अखेर अक्का तयार झाली ती जिन्यामुळे. मुलीने विचारले, "बा, तुम्हांला नक्की काय करता यायला हवे?" अक्का म्हणाली, "दोर न धरता माडीवर जाता आलं पाहिजे, हातात तांब्या घेऊन." त्या दिवसापासून तो अभ्यासक्रम ठरला.

पहिले तीन आठवडे खुर्चीवर उशी ठेवून उठणे-बसणे. मग उशी काढली. भिंतीला हात टेकून छाती पुढे-मागे नेणे. ओट्याची कड धरून टाचा उचलणे. खालच्या पायरीवर चढ-उतार. पुढे दोन कापडी पिशव्यांत एकेक किलो तांदूळ घालून हातांत धरले. दर पंधरवड्याला ओंजळ-ओंजळ तांदूळ वाढले. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती. शेवटच्या दोन आवर्तनांना थोडा कस लागला पाहिजे. दहा वेळा सहज होऊ लागले की वजन वाढवायचे, नाहीतर तो व्यायाम नव्हे, नुसती कवायत. श्वास कोंडायचा नाही. आणि ज्यांचे मणके विरळ झाले आहेत त्यांनी पाठीची कमान करून, पुढे वाकून, वजन उचलायचे नाही. गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायचे. अक्काला हे शिकायला सर्वांत अधिक वेळ लागला, कारण पन्नास वर्षे तिने केरही कमरेत वाकूनच काढला होता. हाड मोडलेल्या, रक्तदाब वा हृदयाचा विकार असलेल्या बाईने ऐकीव माहितीवर, म्हणजे आमच्या या लेखावरही, आरंभ करू नये. जाणकाराच्या नजरेखाली करावा. शिवाय अक्काला डॉक्टरांनी वर्षातून एकदा द्यावयाचे हाडांचे इंजेक्शनही सुरू केले होते. एकदा दुखणे या थराला गेल्यावर नुसत्या तांदळाच्या पिशव्यांवर भागत नाही.

मग गोळ्या बंद केल्या काय? नाही. पण त्या कशा घ्याव्यात, हे सहा वर्षांनी प्रथम कळले. अक्का सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, त्यापाठोपाठ कॅल्शियमची, वर लोहाची अशा तिन्ही एका घोटाबरोबर घेत असे, एकदाचे काम उरकावे म्हणून! कॅल्शियम या दोन्ही औषधांना शरीरात नीट शिरू देत नाही. थायरॉइडच्या गोळीनंतर निदान चार तास जाऊ द्यावेत. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, कारण ते विरघळायला पोटातील आम्ल लागते. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून अधिक घेऊन उपयोग नाही. आतड्यांना एवढाच माल एका खेपेस उतरवून घेता येतो. आणि डबीवरचा आकडा वाचताना सावध असावे; कार्बोनेटच्या वजनात खरे कॅल्शियम चाळीस टक्केच असते.

उतारवयातील स्त्रीला दिवसाला एक हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पण ते अन्नासकट, सारेच्या सारे गोळीतून नव्हे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. दही, मेथी, शेवग्याचा पाला, तीळ ही आपलीच माणसे. गोळीने उणीव भरून काढायची, जेवण नव्हे. १९९२ साली फ्रान्समधील प्रयोगात अतिवृद्ध, वृद्धाश्रमांत राहणाऱ्या स्त्रियांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिल्यावर खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण स्पष्ट घटले. अमेरिकेत २००६ साली छत्तीस हजारांवर स्त्रियांच्या प्रयोगात तसा ठाम लाभ दिसला नाही, उलट मूतखड्यांचे प्रमाण सतरा टक्के वाढले. विरोध वाटतो, पण तो तितकासा नाही. पहिल्या स्त्रियांच्या अन्नात कॅल्शियम निम्म्याहून कमी होते; दुसऱ्यांच्या ताटात ते आधीच भरपूर होते. रिकाम्या भांड्यात ओतलेले पाणी साठते, भरलेल्या भांड्यातले सांडते.

मॅग्नेशियमचा हल्ली फार बोलबाला आहे. शरीरातील निम्म्याहून अधिक मॅग्नेशियम हाडांतच असते, हे खरे. इटलीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हलका व्यायाम करणाऱ्या सत्तरीच्या स्त्रियांना तीनशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम बारा आठवडे दिले. खुर्चीवरून उठणे आणि चालणे यांत त्यांची प्रगती इतरांहून बरी दिसली. आशा वाटावी असे आहे. परंतु दुसऱ्या गटाला दाखविण्यापुरती खोटी गोळीही दिलेली नव्हती. तेव्हा आम्ही तूर्त बाजरीची भाकरी, शेंगदाणे आणि डाळी यांवर विसंबतो. मूत्रपिंडे अधू असणाऱ्यांनी तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये.

ड जीवनसत्त्वाची कथा थोडी भीतीची आहे. आमच्या शेजारच्या काकूंना आठवड्यास एक अशी साठ हजार युनिटांची पुडी लिहून दिली होती. चिठ्ठी नीट वाचली गेली नाही, दुकानातही कोणी सांगितले नाही, आणि त्या दीड महिना रोज एक घेत राहिल्या. मळमळ, भ्रम, बद्धकोष्ठ. अखेर रक्तातील कॅल्शियम वाढून इस्पितळात आठ दिवस. वाढीव मात्रा म्हणजे वाढीव बळ नव्हे. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले, तर त्या अधिक पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली. हे २०१० साली छापून आले आहे.

आणि प्रथिने. अक्काचे रात्रीचे जेवण म्हणजे चहा आणि दोन खारी बिस्किटे. एकादशीला साबुदाणा, ज्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. शरीराच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम तरी हवीत. आता रात्री वरण किंवा वाटीभर दही असते आणि एकादशीला शेंगदाण्याची आमटी असते.

दीड वर्षाने पुन्हा तपासणी झाली. मणक्यांचा आकडा उणे २.७ वरून उणे २.५ वर आला. आम्ही आनंदाने व्यायामाचा गौरव करू लागलो, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "मास्तर, यातलं बरंचसं श्रेय इंजेक्शनचं आहे हं." असेल. पण त्याच आठवड्यात त्या मुलीने घड्याळ लावून खुर्चीची परीक्षा घेतली आणि अक्का तेरा वेळा उठली. हे तेरा कोणत्याही इंजेक्शनचे नव्हते.

चिरंजीव गणपतीला आले होते. वाड्याचा विषय त्यांनी काढला नाही. जिन्याला मात्र सुतार बोलावून दोन्ही बाजूंनी भक्कम कठडा बसवून घेतला आणि ओट्यावरची गुळगुळीत फरशी बदलली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मोरीतला नळ बिघडला होता. आम्ही अंगणातल्या नळाखाली बादली लावली आणि भरल्यावर सवयीने उचलायला वाकलो.

"ठेव ती खाली," अक्का मागून म्हणाली. "आणि कमरेत काय वाकतोस? गुडघ्यांत वाक."

मग तिनेच ती उचलून मोरीत नेली. अर्धीच भरलेली होती, हे आम्ही येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.